घरच्या रुग्णाच्या वॉटर बेडवर काय अंथरायचं? कमी खर्चातलं अंथरूण-पांघरूण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दवाखान्यातून सुटी मिळते, डॉक्टर सांगतात, "घरी वॉटर बेड करून घ्या", आणि संध्याकाळपर्यंत सर्जिकलच्या दुकानातून एक जड घडी घरी येते: पाणी भरायची गादी, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दाबाने जखमा होऊ नयेत म्हणून. ती पाण्याने कशी भरायची ते दुकानदार सांगतो. तिच्यावर काय अंथरायचं ते मात्र कोणी सांगत नाही. मग घरातली सगळ्यात जाड चादर, त्यावर गोधडी, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर परत चादर असा डोंगर उभा राहतो, आणि भाड्याने आणलेल्या बेडचा उपयोग निम्म्याने कमी होतो.

अर्धांगवायूनंतर माझी आई साडेतीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. त्यातली बहुतेक वर्षं वॉटर बेडवर गेली. घरी येणाऱ्या सिस्टरनी पहिल्याच दिवशी आमचा डोंगर उतरवला आणि पुढे बरंच काही शिकवलं. तेव्हापासून नात्यातले, शेजारचे, ओळखीतले लोक मला जे विचारत आले, ते इथे एकत्र लिहिते आहे. औषध आणि जखमेबद्दल डॉक्टरांचाच शब्द शेवटचा. हे फक्त अंथरूण-पांघरुणापुरतं.

वॉटर बेडसाठी खास चादर विकत घ्यावी लागते का?

नाही. रुग्णासाठीचा वॉटर बेड साधारण ३ फूट रुंद आणि ६ फूट लांब असतो. बाजारात मिळणारी साधी सिंगल चादर ६० इंच बाय ९० इंच असते. म्हणजे रुंदीत दोन्ही बाजूंना एकेक फूट आणि लांबीत वर-खाली नऊ-नऊ इंच कापड खोचायला उरतं. तेवढं पुरे.

इंटरनेटवर "वॉटर बेड शीट" असं शोधलं तर वेगळंच काही समोर येईल. अमेरिकेत १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये चार्ल्स हॉल या डिझाइनच्या विद्यार्थ्याने घरात झोपायचा मोठा वॉटर बेड बनवला आणि पुढे तिथे त्याची लाटच आली. तो पलंग ६ फूट बाय ७ फूट असा मोठा, लाकडी चौकटीतला, खाली हीटर असलेला. त्याच्यासाठी कोपऱ्यांना खिसे शिवलेल्या महागड्या चादरी मिळतात. त्यांचा आपल्या बेडशी काही संबंध नाही. मागवू नका.

चादर घट्ट ताणून घालायची ना? नाहीतर चुण्या पडतात.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा हा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त चूकही इथेच होते. म्हणून जरा सविस्तर.

वॉटर बेड काय करतो ते आधी पाहू. साध्या गादीवर माणूस उताणा झोपला की वजन काही थोड्या ठिकाणी एकवटतं: माकडहाड, टाचा, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू. तिथे हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांस कमी असतं. दाबामुळे तिथलं रक्त फिरायचं थांबतं आणि काही तासांत कातडीला इजा व्हायला सुरुवात होते. पाणी मात्र शरीराच्या आकाराप्रमाणे बाजूला सरकतं. कंबरेची पोकळी भरून येते, मांड्या-पोटऱ्यांनाही आधार मिळतो आणि तेच वजन मोठ्या जागेवर वाटलं जातं.

आता चादर ताणून चारी बाजूंनी करकचून खोचली तर काय होईल? शरीर पाण्यात रुतणारच नाही. ते ताणलेल्या कापडावर, झोळीत ठेवल्यासारखं, तोलून राहील. खाली दीडशे लिटर पाणी आहे, पण ते कंबरेच्या पोकळीपर्यंत पोचतच नाही. दाब पुन्हा माकडहाडावर.

हे काही आजचं शहाणपण नाही. डॉ. नील अर्नॉट या स्कॉटिश वैद्याने १८३२ च्या सुमारास अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना जखमा होऊ नयेत म्हणून पहिला पाण्याचा बिछाना बनवला. पाण्याची टाकी, तिच्यावर रबर चढवलेलं कापड आणि त्याच्यावर अगदी हलकं अंथरूण, अशी त्याची रचना. वरचं हलकं असायला हवं हे त्यालाही कळलेलं होतं.

मग करायचं काय? चादर पसरा, हाताने सपाट करा, पण खोचताना ओढू नका. बेडच्या मधोमध तळहाताने दाबून पाहा. पाणी दबून हात सहज आत जायला हवा आणि त्याबरोबर कापडही सैल आत जायला हवं. हात कापडावर अडला, तर खोचलेलं थोडं सोडा. चुण्या पडतील ही भीती खरी आहे, कारण चुणीसुद्धा कातडीत रुतते. त्यावर उपाय ताण हा नाही. मऊ, न सरकणारं कापड घ्या आणि दर वेळी कूस बदलताना हात फिरवून चुण्या काढा.

इलॅस्टिकची "फिटेड" चादर याच कारणासाठी मला पसंत नाही. एका दुकानात मला वॉटर बेडसाठी खास म्हणून असं कव्हर चांगलं महाग विकलं गेलं. घातल्यावर बेड ढोलकीसारखा झाला. आठवडाभरात मी त्याचं इलॅस्टिक उसवून काढलं आणि त्याची साधी चादर केली.

कोणतं कापड चांगलं?

सुती, पातळ, बऱ्याचदा धुतलेलं. या तिन्ही गोष्टी घरातल्या जुन्या कपाटात फुकट मिळतात.

माझा पहिला पसंतीक्रम आजी-आईच्या जुन्या सुती नऊवारीचा. वर्षानुवर्षं धुऊन तिचं सूत इतकं मऊ झालेलं असतं की तसं नवं कापड पैसे देऊन मिळत नाही. आणि तिचा हिशोबही छान बसतो. नऊवारी साधारण ८ मीटर लांब. तिचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे करा. हा तुकडा बेडवर आडवा टाकला की ३ फुटांची रुंदी झाकून दोन्ही बाजूंना दीड फुटाहून जास्त कापड खोचायला उरतं, आणि साडीचा पन्हा रुग्णाच्या खांद्यापासून मांडीपर्यंत येतो. ही झाली "आडवी चादर", जिला सिस्टर ड्रॉ शीट म्हणतात. कापलेल्या कडा दोन्ही बाजूंना गादीखाली जातात, त्यामुळे दुमडून शिवायची गरज नाही. शिवण नाही म्हणजे टोचणारं काही नाही. काठ वरच्या आणि खालच्या बाजूला येतात. साधे सुती काठ असतील तर राहू द्या. जरीचे किंवा जाड विणीचे असतील तर कापून टाका, रुग्णाच्या अंगाखाली ते कधीच येता कामा नयेत. पाचवारीचे असे दोन तुकडे होतात आणि उरलेल्या कापडाचे लंगोट किंवा पुसायची फडकी. वडिलांचं धोतर असेल तर एका पानाच्या दोन आडव्या चादरी होतात.

विकत घ्यायचं असेल तर मीटरवर मिळणारं मलमल किंवा केंब्रिक बघा. पॉपलिनही चालतं. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या मागांवरचं साधं सुती कापड गावोगावच्या दुकानांत तागे लावून असतं, आणि तयार चादरीपेक्षा ते बहुतेक वेळा स्वस्त पडतं. मांजरपाट सगळ्यात स्वस्त, पण कोरा मांजरपाट खरखरीत असतो, त्यात खळ असते. तो घेतलात तर रात्रभर भिजवून, चार-पाच वेळा धुऊन मगच वापरा. घाई असेल तर नको.

काय टाळायचं? पॉलिएस्टर आणि टेरिकॉट: घाम शोषत नाहीत. सॅटिन किंवा नायलॉनची गुळगुळीत चादर: कातडी घासू नये म्हणून मुद्दाम बनवलेली गुळगुळीत वैद्यकीय कापडं असतात, पण ती महाग असतात, आणि बाजारातलं चकचकीत सॅटिन म्हणजे ते नव्हे. त्याखाली घाम साठतो आणि रुग्ण पायथ्याकडे घसरत राहतो. भरतकाम, टिकल्या, बटणं, मध्ये जोड असलेली चादर: काहीच नको. टर्किश टॉवेल अंगाखाली अंथरायची सवय बऱ्याच घरांत असते. तो जाड असतो, ओला झाला की गोळा होतो आणि त्याचे वळ पाठीवर उठतात. अंग पुसायला तो उत्तम, पण अंथरायला नको.

गोधडी किंवा पातळ गादी वॉटर बेडवर घातली तर? आजींना खालून गार लागतं.

गार लागतं ही तक्रार खरी आहे. रुग्णाला बोलता येत नसेल तरी तिचं कारण आहेच. आपलं अंग उबदार, खालचं पाणी खोलीइतकं गार, आणि पाणी उष्णता भराभर ओढून घेतं. अमेरिकन वॉटर बेडला हीटर असतो तो याचसाठी. आपल्या बेडला तो नसतो.

पण गोधडी वर घातली की पाण्याचा फायदा गेला. चार पदरी गोधडीत शरीर रुतत नाही, शिवाय तिचे टाके टोचतात. म्हणून गोधडी वॉटर बेडच्या *खाली* घाला. याचे दोन फायदे. लोखंडी पलंगाच्या गार पत्र्यापासून पाणी वेगळं राहतं, आणि पत्र्याची एखादी धार किंवा वर आलेला खिळा बेडला लागत नाही. आमच्या घरी खाली वाकळ आणि तिच्याखाली प्लायवूड असं होतं.

बेड भरताना थंडीच्या दिवसांत कोमट पाणी घाला, हाताला जेमतेम ऊब लागेल इतकंच. हळूहळू ते गार होणार, पण पहिली रात्र तरी सुखाची जाते. वरच्या चादरीऐवजी पातळ फलालीनचा एकच पदर थंडीपुरता चालतो. बाकी ऊब वरून द्या. सोलापुरी चादर पांघरायला फार चांगली: जाड, सुती, आणि धुण्याला दमदार. पायांत सैल मोजे, डोक्याला सुती टोपी. पांघरूण पायांच्या बोटांवर ताणून खोचू नका, बोटांवर त्याचाही भार पडतो.

गरम पाण्याची पिशवी, इलेक्ट्रिक ब्लँकेट, हीटिंग पॅड वॉटर बेडवर अजिबात नको. अर्धांगवायूच्या किंवा मधुमेहाच्या रुग्णाला चटका बसलेला कळत नाही. कळतो तेव्हा कातडी भाजलेली असते.

विदर्भातल्या उन्हाळ्यात उलट त्रास. बेडचा पृष्ठभाग रबराचा किंवा प्लॅस्टिकचा, त्यामुळे पाठीखालून वारा लागत नाही आणि घाम जिरत नाही. तिथे चादर दिवसातून दोनदा बदलणं हाच उपाय, आणि त्यासाठी जुन्या साड्यांचे आठ-दहा तुकडे एका नव्या चादरीपेक्षा जास्त कामाचे.

मेणकापड किंवा रबरी शीट घालावीच लागते का?

इथे थोडा विचार केला तर पैसे वाचतात. साध्या कापसाच्या गादीवर मेणकापड लागतं, कारण ओली झालेली गादी कुजते. वॉटर बेड स्वतःच जलरोधक आहे. लघवी झाली तर तो पुसून घेता येतो. म्हणून आख्ख्या बेडवर प्लॅस्टिक पसरण्याचं काहीच कारण नाही. त्याने पाठ फक्त घामेजते, आणि घामाने भिजून नरम झालेली कातडी लवकर सोलते.

मग मेणकापडाचा उपयोग एकच: खालची मोठी चादर दर वेळी धुवावी लागू नये. त्यासाठी कंबरेखाली येईल एवढा पट्टा पुरतो. मोठ्या चादरीवर हा पट्टा, त्यावर आडवी चादर, त्यावर रुग्ण. मेणकापड अंगाला थेट लागता कामा नये आणि त्याची कड आडव्या चादरीच्या बाहेर डोकावता कामा नये. लघवीसाठी नळी असेल आणि संडासची वेळ ठरलेली असेल तर मेणकापड काढूनच टाका. आम्ही दुसऱ्या वर्षापासून ते वापरलंच नाही.

डायपर आणि अंडरपॅड दोन्ही लावायचे का? खर्च फार होतो.

दोन्ही एकदम नको. दिवसा घरात माणूस असताना फक्त अंडरपॅड (कंबरेखाली टाकायचं, ओल शोषणारं पॅड) किंवा घरचा सुती लंगोट, आणि रात्री किंवा दवाखान्यात नेताना डायपर, असं विभागलं तर खर्च बराच उतरतो आणि कातडीला दिवसभर हवा मिळते. एकावर एक तीन अंडरपॅड टाकायची युक्ती काहीजण करतात: वरचा ओला झाला की ओढून काढायचा. त्यात तीन पदर जाडी वाढते आणि ओढताना कातडी घासते. एकच टाका, ओला झाला की लगेच बदला.

एकूण किती चादरी लागतात?

आमचं गणित असं होतं: मोठ्या चादरी ३, आडव्या चादरी ८, उशीचे अभ्रे ६, कंबरेखालचे पट्टे २, पांघरुणं २. पावसाळ्यात आडव्या चादरी १२ तरी हव्यात. कोकणात राहत असाल तर त्याहून जास्त, कारण जुलैमध्ये दोरीवरचं कापड दोन दिवस वाळत नाही, आणि दमट चादर अंथरणं म्हणजे कातडीला मुद्दाम ओलं ठेवणं. पातळ कापडाचा इथे आणखी एक फायदा दिसतो: मलमल पंख्याखाली तासा-दोन तासांत वाळतं.

सगळ्या शक्यतो पांढऱ्या किंवा फिक्या रंगाच्या घ्या. रक्ताचा ठिपका, जखमेतून आलेलं पाणी, लघवीचा गडद रंग हे सगळं पांढऱ्यावर लगेच दिसतं. गडद छापील चादरीवर ते चार दिवस कळत नाही.

उशा किती आणि कुठे?

डोक्याखाली एक पातळ. बाकी सगळ्या उशा डोक्यासाठी नाहीत, अंगाला आधार द्यायला आहेत.

टाचांसाठी: पोटऱ्यांच्या खाली, लांबीभर, मऊ उशी अशी ठेवा की टाचा हवेत राहतील. वॉटर बेडवरसुद्धा टाचा जपाव्याच लागतात. कुशीवर वळवल्यावर पाठीमागे एक लोडासारखी उशी आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये एक. पूर्ण काटकोनात कुशीवर ठेवू नका, खुब्याच्या हाडावर सगळा भार येतो. थोडंसंच, साधारण ३० अंश तिरकं.

यासाठी नव्या उशा लागत नाहीत. जुन्या सुती साडीची सैल गुंडाळी अभ्र्यात भरली की पाठीचा लोड तयार. शेवरीच्या कापसाची जुनी उशी पोटऱ्यांखाली छान बसते.

एक वस्तू मात्र घेऊ नका: मधे भोक असलेली गोल रबरी रिंग किंवा कापडाची चुंबळ. माकडहाड तरंगतं, पण रिंगच्या कडेवर दाब येऊन मधल्या भागाचं रक्त अडतं. आता ती वापरू नये असंच सांगितलं जातं.

बेडमध्ये पाणी किती हवं? चादरीशी त्याचा काय संबंध?

संबंध आहे, कारण पाणी चुकलं तर कितीही चांगलं अंथरूण घाला, उपयोग नाही. फार भरलं तर बेड फुगून गोल होतो, चादर ताणली जाते आणि रुग्ण कडेला लोटला जातो. कमी भरलं तर हाड खालच्या फळीला टेकतं. रुग्ण झोपलेला असताना कंबरेच्या बाजूने बेडच्या खाली, माकडहाडाच्या रेषेत, तळहात सरकवा. हाताला हाड जाणवलं तर पाणी कमी आहे. हाड आणि तुमचा हात यांच्यामध्ये निदान एक इंच पाणी हवं. भरताना हवा पूर्ण काढा, नाहीतर आत डबडब आवाज येतो आणि रुग्णाला झोप लागत नाही.

वजनाचाही हिशोब करा. ३ बाय ६ फुटांच्या बेडमध्ये १० सेंटीमीटर पाणी म्हणजे सुमारे १६५ लिटर, म्हणजे १६५ किलो, २० लिटरच्या आठ बादल्यांहून थोडं जास्त. त्यावर रुग्ण. नवारीची खाट किंवा घडीचा पलंग याला पुरा पडत नाही. मजबूत पलंग, सपाट फळी. घराच्या स्लॅबची काळजी मात्र करू नका: पाण्याचं हे वजन दर चौरस मीटरला १०० किलोच्या आसपास येतं, आणि राहत्या घरांचे स्लॅब साधारण त्याच्या दुप्पट भार धरून बांधलेले असतात. भरलेला बेड मात्र उचलायचा किंवा ओढायचा नाही. जिथे ठेवायचा तिथेच भरा.

रुग्णाला न उठवता चादर कशी बदलायची?

दोन माणसं हवीत. एकट्याने करायचा हट्ट धरू नका, पाणी हलतं आणि रुग्ण अनपेक्षितपणे लोळतो.

एकाने रुग्णाला स्वतःकडे कुशीवर वळवून खांदा आणि खुबा धरून ठेवायचा. दुसऱ्याने मागची मोकळी झालेली चादर लांबीच्या दिशेने पातळ गुंडाळी करत पाठीपर्यंत आणायची. तेवढ्यात बेडचा उघडा भाग ओल्या फडक्याने पुसून कोरडा करायचा आणि पाठीवर एक नजर टाकायची. नव्या चादरीचा अर्धा भाग पसरायचा, उरलेला अर्धा गुंडाळून पाठीशी. पाणी स्थिर होऊ द्या, घाई करू नका. मग रुग्णाला त्या दोन गुंडाळ्यांवरून हळूच दुसऱ्या कुशीवर घ्यायचं, तिकडच्या माणसाने धरायचं, आणि या बाजूच्याने जुनी चादर काढून नवी पसरायची. हातात बांगड्या, अंगठ्या, घड्याळ असतील तर आधी काढून ठेवा. रुग्णाच्या कातडीसाठीही आणि बेडसाठीही.

रुग्ण खाली घसरला असेल तर काखेत हात घालून ओढू नका. आडवी चादर दोघांनी दोन बाजूंनी अंगाच्या अगदी जवळ धरायची, "एक, दोन, तीन" म्हणत *उचलून* वर सरकवायचं. ओढलं की वरची कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं मांस पुढे जातं. माकडहाडाच्या जखमा अशाही होतात. आडव्या चादरीची खरी किंमत इथे कळते, म्हणून ती विरलेली नको. दोन्ही हातांनी ओढून पाहा. टरकली तर तिची फडकी करा.

धुण्याचं काय?

रक्त किंवा विष्ठा लागलेलं कापड आधी थंड पाण्यात. गरम पाण्याने डाग पक्का बसतो. मग गरम पाण्यात साबण, आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळणं. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण कापडात राहिलेली पावडर घामाबरोबर कातडीला खाते. खळ नाही, सुगंधी कंडिशनर नाही. उन्हात वाळवा. पावसाळ्यात इस्त्री फिरवा, म्हणजे उरलेली ओल जाते आणि चुण्याही. पण इस्त्रीची चादर गार झाल्यावरच बेडवर.

रुग्णाचे कपडे वेगळे भिजवा. जखम असेल तर ते हाताळताना हातमोजे घाला.

चादर सरकू नये म्हणून सेफ्टी पिना लावू का?

नाही. बेडच्या आसपास पीन, सुई, टाचणी काहीच नको. चादरीच्या चार टोकांना सुती नाड्या शिवून घ्या आणि त्या पलंगाच्या पायांना सैल बांधा. टाके कोपऱ्यावर येतात, अंगाखाली नाही.

छोटं भोक पडलंच तर पाणी कमी करून, जागा पूर्ण कोरडी करून, बेडबरोबर आलेला पॅच लावा. तो नसेल तर सर्जिकलच्या दुकानात विचारा.

भाड्याचा बेड असेल तर अंथरुणात काही फरक?

भाड्याने आणलेला बेड आधी साबणाच्या पाण्याने पुसा, दुकानात विचारून जंतुनाशकाने पुसा, पूर्ण वाळवा. मग बाथरूममध्ये किंवा अंगणात भरून काही तास ठेवा, गळती बघा, आणि रिकामा करून पलंगावर परत भरा. रुग्ण वर झोपल्यावर कळली तर रात्री सगळ्यांची धावपळ. चादरी मात्र भाड्याने किंवा दुसऱ्याच्या वापरलेल्या घेतल्या, तर उकळत्या पाण्यात टाकूनच वापरा.

एअर बेडवर हेच अंथरूण चालेल?

हो, सगळं तसंच: एक सैल चादर, एक आडवी. फक्त पंपाच्या नळ्या चादरीबरोबर खोचल्या जाऊन दुमडत नाहीत ना, ते बघा. एअर बेडला वीज सतत लागते. लोडशेडिंगच्या गावात मला वॉटर बेडच बरा वाटतो.

अंथरूण सगळं नीट केलं. आता कूस बदलायला नको ना?

बदलायलाच हवी. हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं असं आता वाटतं. वॉटर बेड दाब कमी करतो, संपवत नाही. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी असं आम्हाला सांगितलं होतं. तुमच्या रुग्णासाठी किती, ते डॉक्टरांना किंवा सिस्टरना विचारा. आम्ही भिंतीवर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर वेळा लिहून ठेवायचो: उताणं, डावी, उजवी.

दर वेळी पाठ, खुबे, घोटे, टाचा, कानांच्या कडा बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरा होऊन परत लाल झाला तर त्या अंगावर काही वेळ झोपवू नका. दाबूनही लालच राहिला तर ती जखमेची सुरुवात आहे. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथे जागा गडद, जांभळट, गरम किंवा कडक लागते का ते हाताने बघा. तिथे तेल लावून चोळू नका, पावडर थापू नका, स्पिरिट लावू नका. त्या जागेवरचा भार काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

बेडचं काम संपल्यावर या सगळ्याचं काय करायचं?

बेड पूर्ण रिकामा करा, तोंड उघडं ठेवून आतून-बाहेरून सावलीत वाळवा, थोडी टाल्कम पावडर भुरभुरवा आणि घडी न घालता सैल गुंडाळा. घडीच्या रेषेवर रबर चिरतं. चादरी उकळून, इस्त्री करून, आडव्या वेगळ्या आणि मोठ्या वेगळ्या अशा गाठोड्यात बांधा आणि वर चिठ्ठी लावा: कोणत्या कशासाठी. आमच्या आईच्या नऊवारीचे तुकडे असेच तीन घरांत जाऊन आले. दोन अजून धड आहेत. सध्या ते आमच्या समोरच्या आजोबांच्या बेडवर आहेत.